करारनाम्यात 'विहिरीत २ आणे ८ पै हिस्सा' म्हणजे काय? (पिंपळे सौदागर)

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. २०११ मध्ये पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला. घेताना करारनामा कोण वाचतं? सांगतील तिथे सह्या केल्या आणि फाईल बँकेत गेली. मागच्या महिन्यात कर्ज फिटलं, मूळ कागद घरी आले, म्हणून रविवारी चहाचा कप घेऊन वाचायला बसलो. चहा गार झाला.

आमच्या सोसायटीखालची जमीन जेमतेम दोन एकर. पण 'लिहून देणार' आणि 'मान्यता देणार' मिळून चौतीस नावं! त्यातली चार मुलं 'अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), पालनकर्ती आई'. तेरा बायका, आणि त्यांचे पत्ते वाकड, चऱ्होली, चाकण असे कुठले कुठले. बिल्डरने एवढ्या लोकांना एका टेबलाशी कसं बसवलं असेल?

पुढे परिशिष्टात 'मौजे पिंपळे सौदागर, तालुका हवेली' यानंतर सर्व्हे नंबर, मग तिरकी रेघ, हिस्सा नंबर, परत रेघ, परत आकडा, मग 'अ'. असे सहा तुकडे. आणि एका तुकड्याच्या वर्णनात हे वाक्य: 'सोबत विहिरीमध्ये २ आणे ८ पै हिस्सा व पाण्याची पाळी'.

आणे-पै? २०११ साली? आणि विहीर कुठाय? आमच्याकडे जानेवारीपासून टँकर येतो.

मी मूळचा लातूरचा. शेजारी नागपूरचे, वरचे इंदूरचे. रोज शिवार चौकातून जातो, पण शिवार कुठे होतं हे सांगणारा एक माणूस भेटलेला नाही. इथे कुणी जुनं असेल तर सांगा.

पिंपरीकर८२

तुमचे २ आणे ८ पै मेंटेनन्समधून वळते करून घ्या, सेक्रेटरीला नोटीस पाठवा :)

गंमत सोडा. ते पैसे नव्हेत, हिस्सा आहे. पूर्ण वस्तू म्हणजे सोळा आणे. एका आण्याच्या बारा पै. सोळा आण्याचे दोन भावांत आठ-आठ आणे झाले. एका भावाला तीन मुलगे, आठाचे तीन भाग केले की प्रत्येकी २ आणे ८ पै. म्हणजे विहिरीचा सहावा हिस्सा. जुन्या सातबाऱ्यावर असंच लिहितात, टायपिस्ट तेच पुढे उतरवत राहतो.

मोजणीदार

वरचा हिशेब बरोबर आहे. मी भूमी अभिलेखमधून निवृत्त झालो, साखळी ओढण्यात आणि टेबल टाकण्यात आयुष्य गेलं, म्हणून हिस्सा नंबरांबद्दल दोन शब्द.

सर्व्हे नंबर इंग्रजांच्या पाहणीतला. पुढच्या प्रत्येक तिरक्या रेघेला एक वाटणी समजा. रेघ म्हणजे एक म्हातारा गेला आणि पोरं वेगळी झाली. तुमच्या तुकड्यात तीन रेघा असतील तर बहुधा तीन पिढ्यांची चूल वेगळी झाली. हौस असेल तर कडईपत्रक, आकारफोड (वाटण्यांचे जुने कागद) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा, सगळी वंशावळ हाताला लागेल. बरेचसे जुने फेरफार आता स्कॅन करून ऑनलाईन ठेवलेत. अक्षर मात्र लावता आलं पाहिजे.

पण तुम्ही ज्या गावात राहता ते या बाबतीत जगप्रसिद्ध आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी हे एकच गाव घेऊन, घरोघर फिरून अभ्यास केला आणि १९१७ साली पुस्तक काढलं, 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज'. अर्थशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांनी 'पिंपळा सौदागर' हे नाव वाचलेलं असतं. जगताप डेअरीच्या सिग्नलला अडकून बसतो तेच ते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

मॅन यांनी पेशवाईपासूनचे कागद पाहून सरासरी धारणा, म्हणजे एकेका खातेदाराकडची जमीन, काढली. १७७१ मध्ये ४० एकर. १८१८ मध्ये साडेसतरा. १८२० ते १८४० च्या सुमारास १४. आणि १९१४-१५ मध्ये ७. इंग्रजांच्या आधी दोन एकरांच्या आतली धारणा जवळपास नव्हतीच, असं ते म्हणतात. त्यांनी पाहिलं तेव्हा शंभरातल्या ८१ धारणा दहा एकरांच्या आत होत्या, ६० तर पाचाच्याही आत. खातेदार १५६ आणि जमिनीचे तुकडे सातशेहून जास्त, त्यातले निम्म्याहून अधिक एकरापेक्षा लहान. दोन तृतीयांशाच्या आसपास कुटुंबांचं तर शेती अधिक बाहेरची मजुरी धरूनही भागत नव्हतं.

तेव्हा बिल्डरने शेतं फोडली असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. ती शंभर वर्षांपूर्वीच फुटलेली होती. बिल्डरने उलट ती जोडली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा ज्या एकत्रीकरणासाठी केला, ते इथे पार्किंगसाठी झालं.

सातवा_मजला

बाप रे. म्हणजे मी एका प्रसिद्ध पुस्तकात राहतोय. पण साहेब, तुकडे इतके बारीक का? तीन भाऊ असतील तर एकाने वरचं रान घ्यावं, दुसऱ्याने खालचं. प्रत्येक तुकड्याचे तीन तुकडे कशाला?

काठावरची

मी सांगते. माझं माहेर पिंपळे सौदागर. सासर नदीपलीकडे, कासारवाडीला. सून म्हणते आई तुम्ही लिहा, म्हणून फोनवर बोलून टाईप करतेय. चुका पोटात घाला.

भाऊ, वरचं आणि खालचं रान सारखं असतं तर तुमचं म्हणणं खरं. पवनेच्या कडेला मळई होती. काळी, लोण्यासारखी. मेथी टाकली की पंचविसाव्या दिवशी जुडी बांधायची. आणि वर माळ. तिथे बाजरी, हुलगे, आणि पाऊस रुसला तर तेही नाही. कोणता भाऊ माळ घेईल? म्हणून मळईत तिघांना तीन पट्ट्या, माळावर तीन पट्ट्या, आणि मधल्या पाणी साचणाऱ्या चिबडातही तीन. आमची मळईतली पट्टी एवढी अरुंद होती की औत वळवायला बैल चुलत्याच्या रानात घालावे लागत. चुलते बांधावर उभे राहून बघायचे, आणि दर वर्षी बांध एक वीत आमच्याकडे सरकायचा. त्यावरून वडील आणि चुलते बोलत नव्हते. सणाला ताट जायचं-यायचं, पण बोलणं नाही.

आता तुमची पाळी. आमच्याही विहिरीला सहा हिस्से होते, त्यामुळे तुमचे २ आणे ८ पै वाचून मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. बारा दिवसांचा फेरा. प्रत्येक घराला दोन दिवस, दिवस उगवला की पाळी बदलायची. मोट मी पाहिली ती धावेवर पडलेली, तोवर मोटार आली होती. पण मोटार आली म्हणून पाणी वाढत नाही. त्यात लाईट रात्रीची. मग आई मोटारीपाशी आणि मी रानात दारं धरायला, आठवी-नववीत असताना. वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात काढायचं. कंदील बांधावर, पाय गार पाण्यात, आणि समोर नदीपल्याड पिंपरीच्या कंपन्यांचे दिवे. मला तेव्हा वाटायचं तिकडे रोजच दिवाळी असते.

आणि मोजणीदार भाऊ, तुम्ही मजुरीचं लिहिलंत ते अगदी खरं. गावाला शेतकऱ्यांचं गाव म्हणतात, पण माझे आजोबा खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जायचे, पायी. वडील पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये. ती कंपनी १९५४ ची. वडिलांची पिढी तिथे चिकटली तेव्हापासून आमच्या घरात पगार आला. शिफ्ट सुटली की रानात, नाहीतर झोप. म्हणजे सातबाऱ्यावर वडिलांचं नाव, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून, आणि शेत केलं आईने. भाजी नदीत धुवायची, जुड्या पाटीत लावायच्या, पहाटे डोक्यावर घेऊन पिंपरी कॅम्पात. उन्हाळ्यात नदी उतरून जाता यायचं. कॅम्पातले सिंधी व्यापारी आईला 'मेथीवाली माई' म्हणायचे. तिचं खरं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, वडील वारल्यावर वारस म्हणून लागलं तेवढंच.

बाकी उद्या लिहीन, सुनेला फोन हवाय.

रोखठोक_पुणेरी

एवढं हळवं व्हायचं कारण नाही. शेवटी सगळे गुंठामंत्री झालेच ना? गळ्यात किलोभर सोनं आणि दारात फॉर्च्युनर. नोकरदार वीस वर्षं हप्ते भरतो आणि हे भाडं खात बसतात.

मोजणीदार

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठे म्हणजे एकर. चौतीस नावांत दोन एकर वाटून पाहा, प्रत्येकाला अडीच गुंठेही येत नाहीत. त्यावर किलोभर सोनं बसत नाही.

काठावरची

पुणेरी भाऊ, तसे दोन-चार आहेत, नाही म्हणत नाही. आमच्याच भावकीत एकाने गाडी घेतली, मग दुसरी घेतली, आता दोन्ही नाहीत आणि तो रिक्षा चालवतो. तुम्हाला गाडीवाले दिसतात, रिक्षावाले कसे दिसतील? तुम्ही मागच्या सीटवर बसता.

राहिलेलं सांगते.

वडील १९९२ ला गेले. १९९६ ला भावाने आम्हा चार बहिणींना बोलावलं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सकाळी दहाला नेलं. हक्कसोडपत्र. मी दहावी झालेली, वाचता येत होतं, म्हणून वाचलं. त्यात लिहिलं होतं की नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, कुणाच्याही दबावाखाली न येता. मोठ्या दोघींनी अंगठे उठवले. मी सही केली. शाई बोटाला लागली ती भावाने स्वतःच्या रुमालाने पुसली, ते आठवतंय. नंतर मिसळ खायला घातली आणि प्रत्येकीला एक नारायणपेठ. माझी अंजिरी होती.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. माहेरचा उंबरा राहावा एवढंच डोक्यात होतं. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला दिवाळीला कुणी बोलावत नाही, हे आम्ही आत्याच्या बाबतीत पाहिलं होतं.

मग हिंजवडीचं आयटी पार्क झालं. औंधकडून रस्ते रुंद झाले आणि आमच्या माळाला, जिथे हुलगे धड येत नव्हते, तिथे माणसं पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारायला लागली. मळईपेक्षा माळ महाग झाला. कारण मळईत पूररेषा आली, माळावर नाही. ज्या चुलत्याला वाटणीत माळ जास्त गेला म्हणून आजीवर राग होता, त्याची नातवंडं आता आजीच्या फोटोला हार घालतात.

पण एका पट्टीवर बिल्डिंग बसत नाही. दहा-बारा पट्ट्या एकत्र आल्या तर बसते. म्हणून २००४ च्या सुमाराला बांधावरून न बोलणारी सगळी भावकी एका सतरंजीवर बसली. बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला होता. वडील असते तर त्यांनी चुलत्यांना पहिल्यांदा त्याच दिवशी हाक मारली असती. चुलतेही तोवर गेले होते.

तेव्हा वकील म्हणाला, हक्कसोड आहे ते ठीक, पण बहिणींनाही 'मान्यता देणार' म्हणून घ्या, नंतर कटकट नको. तुमच्या त्या तेरा बायका म्हणजे अशाच असणार हो, भाऊ. आम्ही चौघी परत गेलो सह्यांना. या वेळी धाकटी अडली. म्हणाली, मी सही करत नाही. भाऊ आठ दिवस बोलला नाही, वहिनी घरी येऊन रडून गेली, पण धाकटी हलली नाही. शेवटी तिला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. आम्हा तिघींना साडी. दुसरी.

मोजणीदार

ताई, वारसाहक्काच्या २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तुम्ही नंतर दाद मागितली नाही?

काठावरची

भाऊ, विचारून झालंय. माझ्या मुलाने एका वकिलाकडे नेलं होतं. त्यांनी कागदावर रेघ मारून समजावलं. १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या वाट्यात मला थोडा हिस्सा होता, आणि तेवढ्यासाठीच माझी सही लागली. १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना मुलाच्या बरोबरीने धरलं, पण आधीच लग्न झालेल्या सोडून. माझं लग्न १९८२ चं. २००५ ला दिल्लीने लग्नाची अट काढली, पण २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेले व्यवहार मोडता येत नाहीत, आणि माझं हक्कसोड १९९६ चं, रजिस्टर. म्हणजे दोन्ही एसट्या माझ्यासमोरून गेल्या आणि मी स्टॉपवर अंजिरी साडी नेसून उभी.

भावाशी माझं चांगलं आहे. त्याला शुगर आहे, मी भाकरी नेऊन देते. धाकटीशीही त्याचं आता बरं आहे. पण धाकटीच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहिलं की खाली आमची पट्टी कुठून कुठपर्यंत होती ते मला अजून बरोबर सांगता येतं. क्लब हाऊसच्या कोपऱ्यापासून कचऱ्याच्या खोलीपर्यंत. स्विमिंग टँक चुलत्यांच्यात.

सातवा_मजला

मावशी, काय लिहू कळत नाही. तुमचं वाचून मी परत यादी उघडली. तेरापैकी नऊ जणींसमोर 'डा. हा. अं.' असं लिहिलंय. मला वाटलं काही पदवी आहे.

मोजणीदार

डाव्या हाताचा अंगठा.

सातवा_मजला

हो, आत्ता कळलं. दहा वर्षांवर ही फाईल बँकेच्या कपाटात होती आणि त्याच्या आधी काही दिवस माझ्या बॅगेत.

मावशी, एक राहिलं. ती विहीर. माझ्या करारनाम्यातली. ती कुठे असेल? नकाशात नाही. सोसायटीतल्या सगळ्यात जुन्या वॉचमनलाही माहीत नाही.

काठावरची

सोसायटीचं नाव इथे लिहू नका, आणि ती यादीतली नावंही नका लिहू, माणसं अजून जवळपास राहतात. कुठल्या अंगाला आहात तेवढं सांगा.

सातवा_मजला

शिवार चौकातून कोकणे चौकाकडे जाताना आतल्या बाजूला.

काठावरची

मग ती आमची नव्हे. पण त्या अंगाला दोन-तीन विहिरी होत्या. एक बांधीव, उतरायला पायऱ्या होत्या, कडेला उंबर. कोणाच्या वाट्यातली ते आता सांगता येणार नाही. सगळ्या बुजवल्या. आमची बुजवली तेव्हा मी मुद्दाम गेले नाही. राडारोडा भरला, वर मुरूम, वर रोलर. आईने आदल्या दिवशी जाऊन खणा-नारळाने ओटी भरली आणि घरी येऊन जेवली नाही.

पण विहीर बुजते, झरा बुजत नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात खाली पार्किंगमध्ये कुठे पाणी येतं का? छताचं किंवा गटाराचं नव्हे. स्वच्छ, गार, खालून येणारं.

सातवा_मजला

लिफ्टच्या खड्ड्यात! दर जुलैमध्ये. ए विंगची लिफ्ट बंद ठेवावी लागते. तीनदा वॉटरप्रूफिंग केलं, तीन वेगळ्या ठेकेदारांकडून. आता कायमचा पंप बसवलाय, रात्रंदिवस चालतो आणि पाणी गटारात सोडतो. आणि जानेवारीपासून टँकर मागवतो.

पिंपरीकर८२

म्हणजे २ आणे ८ पैची पाळी चुकलेली नाही म्हणायची.

काठावरची

उरलेले तेरा आणे चार पै शेजारच्या बिल्डिंगींना विचारा. त्यांच्याकडेही पंप चालू असेल.